अर्ध्या पॉलिशचं टेबल

मिस्त्रींनी पॉलिश केलेल्या कपाटात बघून लोक भांग पाडतात, असं आमच्या गल्लीत गमतीनं म्हटलं जाई. माणूस भलता हट्टी. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्यानं गोल गोल चढवायची आणि मनासारखी चमक येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. काम संपलं की दारू. मग ती दुपारीच सुरू झाली, पुढे कामाच्या आधी. घरच्या जेवणाच्या टेबलाला पॉलिश चढवताना हात इतके थरथरले, की अर्धं टेबल तसंच राहिलं आणि बायको त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली.

ते बरे होऊन परतले तेव्हा तिला कोण आनंद! तिनं कामाची खोली लख्ख झाडली, नवी लाख आणली, स्पिरिटचा डबा भरून ठेवला. डॉक्टरांनीच निघताना बजावलं होतं, "मिस्त्री, हात रिकामे ठेवू नका. कामाला लागा."

मिस्त्रींनी डब्याचं झाकण काढलं. वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं, छाती धडधडू लागली. दारूचा विचारसुद्धा मनात नव्हता, तरी पाय कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाले होते. दारात पोचल्यावर त्यांनी चौकट घट्ट धरली.

"अगं, इकडे ये. मला धर."

तिनं धरलं, पण रडू आवरेना. "आल्या आल्या तेच? मन म्हणून काही आहे की नाही तुम्हाला?"

तिचा भाऊही हेच म्हणायचा, "मनावर घेतलं की सुटतं." स्वतःचा चहा सुटत नाही, पण सल्ला तयार! मिस्त्रींना मात्र ते पटलं होतं. आपणच नालायक, असं समजून ते गप्प बसले. याचंच मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली.

"स्पिरिट?" डॉक्टर चमकले. "मला वाटलं, करवत आणि रंधा."

"पॉलिशवाल्यालाही सगळे मिस्त्रीच म्हणतात. मीही तेच सांगितलं," मिस्त्री म्हणाले.

"चूक माझी. मी नीट विचारायला हवं होतं." डॉक्टर बायकोकडे वळले. "ताई, दारू अंगातून गेली. पण मेंदूनं हा वास आणि दारू यांची गाठ मारून ठेवलीय. वास आला, की माणूस काही ठरवायच्या आत मेंदू दारूच्या तयारीला लागतो. तिथं नुसतं मन घट्ट करून भागत नाही."

"गाठ सुटेल?" तिनं विचारलं.

"सैल होते, हळूहळू. ओढ कमी करायला गोळ्या देतो, बोलायला येत राहा. पण सध्या तो वास नको."

"म्हणजे पॉलिश नको," मिस्त्री म्हणाले. साऱ्या गावात त्यांची ओळख तेवढीच होती. घरी आल्यावर बायकोनं स्पिरिट शेजारच्या सुताराला देऊन टाकलं.

आता मिस्त्री वेताच्या खुर्च्या विणतात. बरं विणतात, पण बघून कुणी भांग पाडत नाही.

परवा तिचा भाऊ जेवायला आला. टेबलावरून हात फिरवत म्हणाला, "दाजी, अर्धंच का ठेवलंय? तुमच्या हाताला काय अवघड आहे? करून टाका की पुरं."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"पुरंच झालंय ते," बायको म्हणाली आणि त्यांचं ताट तिनं टेबलाच्या पॉलिश न चढलेल्या, कोरड्या बाजूला मांडलं.