सुरय्याबाईंनी हलवलेल्या पिना

सुरय्या होडेकरबाईंच्या कानाशी एकोणीस वर्षं फोन वाजत होता. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टची गाडी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे घरी जाते. जखमेची पट्टी बदलायची, नळी बदलायची, इंजेक्शन द्यायचं. त्या गाडीसाठी फोन घेऊन पत्ता उतरवायचा, एवढंच बाईंचं काम. ऐकायला सोपं वाटतं. एक दिवस त्या खुर्चीत बसून बघा.

आमच्याकडचा माणूस स्वतःच्या घराचा पत्ता कधी सांगतच नाही. तो गाडी लागते तिथला पत्ता सांगतो. "थांब्यावर या, फुडं आमी हाव." आलेल्याला रस्त्यावर जाऊन घेऊन यायचं ही इथली रीत, मग घराची खूण कशाला सांगायची? पण आणायला जाणारा मुलगा मुंबईला आणि घरात म्हातारी अंथरुणावर, तिथं नर्सनं काय करावं? घर बहुतेक रस्त्याच्या खाली नाहीतर वर, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी संपल्यावर. म्हणून बाई न चुकता विचारत, "गाडी लागली, मग? पाखाडी चढायची का उतरायची? पायऱ्या किती?" औषधांची जड पेटी नर्सच्या हातात असते, हे बाई कधी विसरल्या नाहीत.

यंदा ट्रस्टनं वेबसाइट नवी करून घेतली. विनीत नावाच्या सरळ, सभ्य माणसानं तिच्यात फॉर्म बसवला. पत्त्याची चार अक्षरं टाइप केली की खाली यादी उघडते. त्यातलं एक निवडलं की नकाशा येतो आणि नकाशावर लाल पिन. तीच पिन बाईंच्या कॉम्प्युटरवर दिसते आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर जाते. सचिवांनी बाईंना समोर बसवून सांगितलं, "महिनाभर बघू. फॉर्म नीट चालला तर फोनचं टेबल बंद करावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

बाईंनी वाईट वाटून घेतलंच. न घेऊन करतात काय? नवरा अली जहाजावरच्या नोकरीत गुडघे घालवून घरी बसलेला, घर बाईंच्या पगारावर चाललेलं, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला नवी नोकरी द्यायला रत्नागिरीत कोण टपून बसलंय?

विनीतनं एकच अट घातली होती. "पिन चुकलेली दिसली तरी हात लावायचा नाही हं, बाई. गाडी चुकू दे. चुकल्याची नोंद झाली तरच कळेल फॉर्ममध्ये काय कमी आहे."

अट रास्त होती. बाईंच्या फायद्याचीही होती. आणि पहिल्याच दिवशी जयगडच्या एका रुग्णाची पिन थेट खाडीच्या पाण्यात पडली. बाईंनी कपाळाला हात लावला, त्या घरी फोन केला, पायऱ्या विचारल्या आणि पिन उचलून घरावर नेऊन ठेवली. ड्रायव्हरला निरोप दिला, "खाली चाळीस पायऱ्या, कोपऱ्यात विहीर." गाडी वेळेवर पोचली. कुठं नोंद नाही, काही नाही.

मग रोजचंच झालं. कुणाची पिन गावच्या देवळावर, कुणाची ग्रामपंचायतीच्या दारात. बाकीच्या सगळ्या रस्त्याच्या कडेला, गाडी लागते तिथं. आधी फोनवर दोन प्रश्न विचारून काम संपायचं. आता फॉर्म बघा, नकाशा मोठा करा, शोधून फोन लावा, पिन सरकवा. संध्याकाळी मान अशी धरायची की अलीला तेल लावायला सांगावं लागे. "चुकू दे ना एखादी," तो म्हणायचा. "एखादी म्हणजे कोणची, ते सांग," बाई वैतागून विचारत.

एकोणतिसाव्या दिवशी पालीच्या यमुनाबाईंचा फॉर्म आला. पाठीला जखम झालेली, पट्टी दिवसाआड. फॉर्म भरला होता मुलानं, नितेशनं, नालासोपाऱ्यात बसून. पिन पालीच्या बाजारात. घर तिथून तीन किलोमीटर आत.

ही मात्र नाही हलवायची, बाईंनी ठरवलं. अठ्ठावीस दिवस झाले, आता पुरे. गाडी बाजारात जाईल, नर्स विचारत फिरेल, बारा वाजतील, परत येईल. सचिवांना कळेल, विनीतला कळेल. त्या उठून चहा करायला गेल्या. चहा झाला, पिऊनही झाला. कप विसळताना पाठीची ती जखम डोळ्यांसमोर आली, आणि ओली पट्टी, आणि उन्हाळ्याचे दिवस. बाई स्वतःवरच चरफडत परत आल्या आणि नितेशला फोन लावला. "पायऱ्या किती रे बाबा?"

महिना संपला. सचिवांच्या खोलीत विनीतनं आनंदानं सांगितलं, "तीस दिवसांत एकही फेरी वाया नाही." बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. एकेचाळीस पिना मी हलवल्यात. पण मग परत महिनाभर चाचणी, परत ती मान, परत रोज कुणाच्या तरी जखमेवर पैज. त्यांनी नुसती मान हलवली. टेबल बंद झालं.

पुढच्या सोमवारी बाई घरी बांगडे साफ करत होत्या. फोन वाजला. आरोही, गाडीवरची नर्स. "मावशी, हेदवीच्या रस्त्यावर उभी आहे. नवीन रुग्ण आहे. पिन इथंच दाखवतेय आणि घर कुठं दिसत नाही."

बाईंनी हात धुतले, घरच्यांचा नंबर मागून घेतला, फोन लावला, परत आरोहीला लावला. "डाव्या बाजूनं उतर. साठ पायऱ्या हायत. सांभाळून." मंगळवारी दोन फोन आले. शनिवारपर्यंत अकरा.

शनिवारी बाई म्हणाल्या, "आरोही, मी सांगेन गं. पण ऑफिसात एकदा कळव, की पत्ता मला विचारावा लागतो."

पलीकडून आरोही म्हणाली, "मावशी, कळवलं तर नियमाप्रमाणे फेरी चुकली म्हणून नोंद करायची आणि तिथूनच गाडी परत न्यायची. रुग्णाला कसं ठेवायचं तसंच?"

हेच बाईंनी एकेचाळीस वेळा केलं होतं, कुणाला न सांगता.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता कुठं उभी हायस?"