सरळ बाहेरच्या डिस्कवर

“ती मुलगी मला चालते. तोंडच उघडत नाही.”

चुरी सर फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर, प्रिंटरमध्ये कागद भरत उभी होते. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी ऐकलं तरी ते कुठे पोचणार नाही, याची त्यांना खात्री होती. मी कागद नीट बसवले आणि जागेवर जाऊन बसले.

ही १९९९ सालची गोष्ट. सिल्वासाजवळ गलोंड्याला सुताच्या एका कारखान्यात चुरी सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक ऑपरेटर. परवा कुणीतरी कळवलं की ते गेले. मला वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने पुढे गोड शब्दांची वाट बघू नये.

मी टोकरखाड्याच्या सरकारी वसाहतीत वाढले. वडील प्रशासनात नोकरीला. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की तेही पळून जायचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सर एक पत्र चुकीच्या फाइलवर सेव्ह करायला निघाले, तेव्हा मी हळूच म्हणाले, “सर, जुनं पत्र पुसलं जाईल.” खोलीत अकाउंट्सचे दोघे होते. सर खुर्चीसकट वळले. “हे बघ कॉन्व्हेंट, मी विचारलं का? विचारलं की बोलायचं. नाही विचारलं की टाइप करायचं.” दोघे हसले. जुनं पत्र पुसलं गेलं. ते माझ्याकडून पुन्हा टाइप करून घेताना सरांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्या दिवसापासून मी ‘कॉन्व्हेंट’ झाले आणि गप्पही झाले.

मी उठून त्यांना जागा दिली की बसण्याआधी ते ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसायचे. माझ्यासमोर, एकेक कळ. माझ्या हातांना काही लागलेलं नसायचं.

त्यांचं एक तत्त्व होतं, आणि ते दिवसातून चारदा ऐकावं लागे. “मध्ये कुणी नको. मधला माणूस म्हणजे गळती.” चहा ते स्वतः कॅन्टीनच्या शेगडीपाशी जाऊन घ्यायचे, पोऱ्याच्या हातून कधीच नाही. शाईच्या रिबिनी स्टोअरमधून न मागवता बसने वापीला जाऊन आणायचे. मूळचे केळव्याकडचे, मासळीशिवाय जेवण नाही. पण सिल्वासाच्या बाजारातल्या मासळीला हात लावत नसत. रविवारी स्कूटरवरून थेट दुधनीला, धरणाच्या काठावर, होडी लागेल तिथे. सोमवारी आम्हाला सांगायचे, “पाण्यातून पिशवीत. बाजारवाली काय करते ठाऊक आहे? बर्फात घालते, परत काढते, परत घालते. मधल्यामध्ये खेळ!” माशाबद्दल सांगतानाही त्यांच्या आवाजात कुणावर तरी राग असायचा.

त्या पावसाळ्यात कारखान्यात नवीन मशीन आलं होतं आणि चालत नव्हतं. त्याचा सुधारलेला प्रोग्राम परदेशी कंपनीने इंटरनेटवर ठेवला होता. अडतीस एमबीची फाइल. आज कुणी हसेल, पण तेव्हा इंटरनेटसाठी फोनवरून वापीचा नंबर लावायचा, कर्कश आवाज संपेपर्यंत श्वास धरायचा आणि मग तासाला सातेक एमबी आलं तर नशीब. आमच्या कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, म्हणजे ‘सी’वर, जेमतेम एकवीस एमबी जागा उरली होती. सर मुंबईहून बाहेरून जोडायची डिस्क घेऊन आले. विटेएवढी राखाडी पेटी, टर्किश टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर. एक जीबी, सगळी मोकळी. ती प्रिंटरच्या जागी जोडावी लागे, म्हणून छपाई बंद. अकाउंट्सवाले कुरकुरले, तर सर म्हणाले, “सरळ बाहेरच्या डिस्कवर उतरवणार. मध्ये सी नाही, फी नाही. थेट!”

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. डाऊनलोड चालू असताना कुणी त्याच लाइनचा फोन उचलला की सगळं तुटतं. म्हणून त्यांनी त्या लाइनवरचे तिन्ही फोन सील केले. रिसीव्हरवरून सेलोटेप ओढायची, टेपवर तारीख, वेळ आणि सही. तिसरा फोन मंगलाताईंच्या टेबलावर होता. मंगलाताई आमच्या टेलिफोन ऑपरेटर, नंदुरबारकडच्या. त्यांचा नवरा मशीनवर होता. त्या दोन वर्षं कंत्राटावर होत्या आणि पुढच्या महिन्यात कायम होणार होत्या. मी कॅन्टीनमध्ये ज्यांच्याशेजारी बसत असे त्या त्याच. मी बोलत नाही याचा त्यांना काही त्रास नव्हता. त्या दोघींचं बोलायच्या.

मंगळवारी साडेनऊला सुरू केलेलं डाऊनलोड साडेबाराच्या सुमारास तुटलं. ‘फाइल उतरवता आली नाही’ एवढाच निरोप. सर तडक बाहेर गेले. तिन्ही सीलं शाबूत होती. “लाइन खराब,” असं म्हणून त्यांनी टेलिफोन खात्याला आईवरून शिव्या दिल्या.

बुधवारी त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. “दर दहा मिनिटांनी किती आलं ते लिहायचं. डोकं चालवायचं नाही, पेन चालवायचं.” मी लिहू लागले. तासाभराने, नुसती बसले होते म्हणून, मी बाहेरच्या डिस्कची मोकळी जागा बघितली. एक जीबीची एक जीबी. तासाभरात तिच्यावर काहीच उतरलं नव्हतं. मग सीची बघितली. चौदा. दहा मिनिटांनी पुन्हा बघितली, तेरा.

फाइल थेट जात नव्हती. ब्राउझर आधी ती सीच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठवत होता. पूर्ण झाली की मगच बाहेरच्या डिस्कवर हलवणार होता. सीत एकवीसच मावणार होते. मधेच तुटलं की साठवलेलं पुसलं जायचं, म्हणून नंतर बघणाऱ्याला सी होती तशीच दिसायची. माझ्या वहीत सरांच्या आकड्यांशेजारी मी पेन्सिलीने सीचे आकडे लिहीत गेले. अकरा वाजता मला सगळं कळलं होतं. सर दोनदा येऊन माझ्या खांद्यावरून पडदा बघून गेले. दोन्ही वेळा मी पुढचा आकडा लिहिला. साडेबाराला तुटलं. आदल्या दिवशीही तेवढ्याच वेळात तुटलं होतं, म्हणजे एकवीसलाच.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. पेन चालवायला सांगितलं होतं, मी पेन चालवलं. सर तोंडावर पडले याचा आनंद मी वहीत मान घालून साजरा केला.

तो आनंद पाच मिनिटं टिकला. मंगलाताईंच्या टेबलावरच्या फोनची टेप एका टोकाला उचकटली होती. त्यांच्या डोक्यावर पंखा होता आणि हवा दमट होती. टेप सुटायला आणखी काही लागत नव्हतं.

“हात लावलास ना?” सर सगळ्या ऑफिससमोर ओरडले.

“नाही व साहेब! मी कशाला लावू? सकाळपासून तिकडे बघितलं बी नाही.”

“मग टेप काय भूत काढून गेलं? नवऱ्याला फोन करायचा असेल. किती दिवस चाललंय हे?”

“त्यो तिथं मशीनवर उभा आहे साहेब, खिडकीतून दिसतो. त्याला फोन कशाला करू?”

कुणीतरी हसलं. सरांना ते हसू सहन झालं नाही. ते माझ्याकडे आले. “कॉन्व्हेंट, मेमो टाइप कर. इंग्रजीत, तुझ्या त्या भारी इंग्रजीत.” मंगलाताईंनी मुद्दाम लाइन तोडून कंपनीचं नुकसान केलं, त्यांना कायम करू नये, कंत्राट या महिन्यात संपवावं. सर मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होते. एकही चूक झाली नाही. डिस्क काढून प्रिंटर जोडला, तोही मीच.

मॅनेजर नायकसाहेब वापीचे, शांत गृहस्थ. त्यांच्या केबिनमध्ये सरांनी मेमो ठेवला. मंगलाताई दाराशी पदर घट्ट धरून उभ्या होत्या. सरांनी मला वही घेऊन बोलावलं होतं, किती वाजता तुटलं त्याचा पुरावा म्हणून.

“काय बेन, तुम्हाला काय सांगायचंय?” नायकसाहेबांनी विचारलं.

“साहेब, लेकराची शप्पथ, मी हात नाही लावला.” मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, तुम्ही तर तिथंच होत्या.”

“ती काय सांगणार?” सर म्हणाले. “ती आपल्या कामात असते. दाखव गं वही, वेळ दाखव फक्त.”

नायकसाहेबांनी वही घेतली. त्यांचं बोट शाईच्या आकड्यांवरून खाली आलं आणि शेजारच्या पेन्सिलीच्या आकड्यांवर थांबलं. “आ शुं छे? हे दुसरे आकडे कसले?”

सर वाकले. त्यांनी ते आकडे पहिल्यांदाच बघितले. “काहीतरी खरडलंय,” असं म्हणत त्यांनी वही ओढून घ्यायला हात पुढे केला. मी वहीवर हात ठेवला.

“बोल ने, बेटा,” नायकसाहेब म्हणाले.

आणि मी त्या कारखान्यातलं माझं पहिलं लांब वाक्य बोलले. आवाज किती मोठा लागला ते आठवत नाही, पण बाहेरच्या टाइपरायटरचा आवाज थांबला होता.

“सर, फोन कुणीच उचलला नाही. फाइल आधी सीवर साठत होती आणि दोन्ही दिवस एकवीसला सी भरली. मला हे आज अकरा वाजताच कळलं होतं, आणि तुम्ही तोंडावर पडावं म्हणून मी गप्प बसले.”