अमेरिकन, जपानी आणि सोनिवलीचे कावळे

मी जन्मभर उल्हासनगरात रिक्षाच्या सीटा शिवल्या. त्यामुळे गाडी बघायची म्हणजे आधी बूड कुठं टेकतं ते बघायचं, एवढंच मला कळतं. इंजिनाचं दुसऱ्याला विचारा.

आमची ही गेली त्याला वर्ष झालं. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून वर्षश्राद्ध तिच्या भावानं सोनिवलीला, तिच्या माहेरी घातलं. मला न्यायला त्याची दोन्ही पोरं आली, दोन गाड्या घेऊन. शेतावर बिल्डिंगी झाल्या तेव्हा थोरल्यानं अमेरिकन गाडी घेतली, धाकट्यानं जपानी. दोन्ही सेकंडहँड, दोन्हींना दोनच दरवाजे. चांगली कुणाची, यावरून घरात रोजचं भांडण.

"आतोबा, अंबरनाथपर्यंत माझ्यात बसा, पुढं दादाच्या. मग सांगा," धाकटा म्हणाला.

"त्याच्यात बसत नाहीत, निजतात," थोरला म्हणाला.

खरंच होतं. जपानीत शिरलो तर गुडघे छातीला लागले. मांडी म्हणून उरलीच नाही. शिलाई मात्र एक नंबर, असे टाके मला कधी जमले नाहीत. वळणावर रस्त्याला चिकटून जाते म्हणाला. वळणाच्या आधी स्पीडब्रेकर आला. पोट घासू नये म्हणून गाडी तिरकी केली आणि नवी नवरी उंबरठा ओलांडते तशी हळू काढली. मागचे रिक्षावाले काय बोलले ते लिहीत नाही. त्यातले निम्मे माझेच गिऱ्हाईक.

अंबरनाथला दोघांनी मला उपसून काढलं. अमेरिकन ऐसपैस. सीट पलंगाएवढी, पण शिलाई पोत्याची. बॉनेट इतकं लांब की बदलापूरला आधी ते पोचलं, आम्ही मागून. आवाजानं माझा छातीतला कफ सुटला. वाटेत तिला पेट्रोल पाजावं लागलं.

"सरळ रस्त्याला ही कुणाला ऐकत नाही," थोरला म्हणाला.

"सरळ रस्ता आहे कुठं?" मी म्हटलं.

सोनिवलीला कुंपणाच्या भिंतीवर पान मांडलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. तारेवर चार-पाच बसलेही होते. तेवढ्यात शेजारी गाडी बघायला आला आणि थोरल्यानं इंजिन चालू करून दाखवलं. कावळे उडाले ते थेट समोरच्या बिल्डिंगीच्या टाकीवर. "माझीचा आवाज गोड आहे," म्हणत धाकट्यानं आपलीही घुमवली. मेव्हण्यानं दोघांच्या चाव्या काढून घेतल्या आणि तांदळाच्या पिंपात टाकल्या.

ऊन चढलं. पानावरचा भात वाळला. लोकांना भूक, मला धास्ती. बाकीचे म्हणत होते, आवाजाला बुजलेत. मला वाटत होतं, हिच्या मनात काहीतरी राहिलंय, आणि आता विचारायचं कुणाला?

अशा वेळी गेलेल्या माणसाला शब्द द्यायची आमच्यात रीत आहे. मेव्हणा हात जोडून म्हणाला, "ताई, भावजींना आम्ही सांभाळू." टाकीवर हालचाल नाही. धाकटा म्हणाला, "आत्या, दादाला गाडी विकायला लावतो."

"तुझी विक," थोरला म्हणाला. "तिच्यात आत्या मावलीच नसती."

होती तशी ती जाडच.

शेवटी मी पुढं झालो. म्हटलं, "ऐक गं. मी दोन वेळ नीट जेवतो."

सगळ्यांनी टाकीकडं बघितलं. कावळे जागेवरच.

"बरं, एकदाच जेवतो. रात्री चहा-बटरवर भागवतो. आजपासून रात्रीचंही जेवीन."

एक खाली आला. वड्याला चोच मारली आणि वडा घेऊनच गेला. पंगत बसली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे भाजी कसली होती ते सांगता येत नाही.

जेवणं झाल्यावर पोरं मागं लागली, कुणाची चांगली. मी आधी मेव्हण्याच्या बायकोकडून रात्रीचा डबा भरून घेतला, आमटीसकट. मग पिंपातून चाव्या काढायला लावल्या आणि अमेरिकनमध्ये जाऊन बसलो.

"का, आतोबा?" धाकट्यानं विचारलं.

"तुझ्यात मांडीच राहत नाही," मी म्हटलं. "डबा कुठं ठेवू?"