दोन नावांचं पिंप

आमची वाटी शेजारणीकडून परत यायची, तेव्हा त्या वाटीत काहीतरी असायचंच. कधी शिरा, कधी लसणाची चटणी. ते आमच्या ताटलीत काढून दिलं, की ती वाटी पालथी करायची, बुडावरचं नाव बायकोपुढे धरायची आणि म्हणायची, "तुमचीच ना? बघून घ्या."

स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. दुकानातच एक माणूस मशीनची सुई घेऊन बसतो आणि टर्रर आवाज करत अक्षरं कोरतो. आपण ती अक्षरं नंतर कधी वाचत नाही. ती मात्र प्रत्येक वेळी वाचायची. मी बायकोला म्हणालोसुद्धा, ही काय पोस्टात होती की काय? बायको म्हणाली, "तुम्ही शेजारच्यांची कढई दिवाळीपासून वापरताय, तेवढं बघा."

तिचं नाव मी इथे सांगत नाही. लपवायचं म्हणून नव्हे, तर कोणतं सांगावं हाच प्रश्न आहे. माहेरचं एक होतं, लग्नात तांदळात लिहून बदललेलं दुसरं होतं, आणि पुढे कोर्टाच्या कागदात पुन्हा पहिलं आलं.

बदलापूरला, कुळगावात, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा ब्लॉक होता. वर्षं ऐंशीनंतरची. नवरा अंबरनाथला कारखान्यात होता. ती घरी ओव्हरलॉक मशीनवर परकर आणि गाऊन शिवायची. माल उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी व्यापाऱ्याचा. तो स्वतः गठ्ठा घेऊन यायचा, दारातूनच "बेटी, अर्जंट है" म्हणायचा आणि पाणी पिऊन जायचा. त्याचं सगळंच अर्जंट असायचं. मशीन तिने लग्नाआधी, स्वतःच्या शिवणाच्या कमाईतून घेतलेलं. त्या मशीनच्या आवाजावर आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्याही ऐकू यायच्या नाहीत. तक्रार करायची मला फार इच्छा होती; पण माझ्या पायजम्याची नाडी तीच घालून द्यायची.

त्या दोघांचं का बिनसलं, हे मला आजही नीट माहीत नाही. मारझोड नव्हती, दारू नव्हती. मूल नव्हतं, पण त्यावरून कुणी बोललेलं आमच्या कानावर आलं नाही. भिंत इतकी पातळ होती, की भांडण असतं तर आम्हाला कळलं असतं. भांडणच नव्हतं. कळायचं ते एवढंच, की मशीन थांबलं तरी पलीकडे कुणी बोलत नाही.

दोघांनी संमतीने वेगळं व्हायचं ठरवलं. कल्याणच्या वकिलाने सांगितलं, आधी घरात बसून वाटणी करा, मग माझ्याकडे या. तेव्हा बैठक ठरली आमच्याकडे. कारण मी सेक्रेटरी. कसला, तर बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपाची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून लोक सेक्रेटरी म्हणायचे. घटस्फोटाचा आणि पंपाचा संबंध काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही मान मिळतोय म्हणून गप्प बसलो. धुतलेला झब्बा घातला.

नवऱ्याकडून मोरिवलीचे त्याचे मामा आले. तिच्या बाजूने कुणीच नव्हतं. वडील वारले होते, भावाने 'आमचं तोंड नाही' असा निरोप धाडला होता. माझी बायको मग स्वयंपाकघर सोडून तिच्या शेजारी येऊन बसली.

ब्लॉक भाड्याचा होता, म्हणून त्याची वाटणी वाचली. राहिली भांडी, मशीन आणि एक कर्ज. कर्ज अंबरनाथच्या पतपेढीचं, नवऱ्याच्या बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं. कागदावर सही एकट्या नवऱ्याची.

मामांनी नियम सांगितला. भांड्यावर ज्याचं नाव, भांडं त्याचं. मला नियम फार आवडला. निवाडाही सोपा आणि गणपतीत आरती म्हणण्याव्यतिरिक्त माझ्या आवाजाला काम. चष्मा पुसून मी एकेक भांडं पालथं करायला घेतलं आणि मोठ्याने वाचू लागलो. परात, तिचं लग्नानंतरचं नाव, पुढे सासरचं आडनाव. डबे, तेच. पातेली, तेच. ताटं, वाट्या, तांब्या, तेच. वाचता वाचता माझा आवाज खाली येत गेला. तुमच्याही लक्षात आलं असेल. बापाने मुलीच्या लग्नात भांडी घेतली, ती काय माहेरच्या नावाने कोरणार? त्याने हौसेने नवं नाव, नवं आडनाव घालून घेतलं होतं. मामांच्या हिशेबाने सगळा संसार त्यांच्या आडनावाचा ठरत होता, आणि तो तसा ठरवत होतो मी, खणखणीत आवाजात.

मामा म्हणाले, "झालं की. आमच्या घरचं नाव आहे."

ती शांतपणे म्हणाली, "मामा, माझ्या वडिलांनी हौस केली. हौस केली म्हणून वस्तू जात नाही."

मामा भाच्याकडे बघायला लागले. तो आतापर्यंत फरशीकडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "तिचीच आहेत." मी चष्मा काढून खिशात ठेवला.

मग मशीन निघालं. इथे खरी मेख होती. मामांनी गोडीत मांडलं, "सूनबाई, मशीन तू ने. आम्ही आडवं येत नाही. मग ते कर्ज तेवढं तुझ्याकडे घे. नाहीतर मशीन ठेव, कर्ज आम्ही बघतो."

मशीन गेलं तर ती खाणार काय? व्यापारी तर आदल्याच आठवड्यात दारात म्हणून गेला होता, "बेटी, कुछ भी छोड़ना, मशीन मत छोड़ना." आणि ते सगळं कर्ज उचललं तर वर्षानुवर्षं परकर शिवून ते फिटणार कधी? माझ्या बायकोने तिचा हात धरला, तो मला दिसला.

ती म्हणाली, "मशीन लग्नाआधीचं आहे. ते मी कुणाकडून घेत नाही, माझंच आहे. त्यात कर्ज मिसळू नका."

"मग कर्जाचं?"

"ते दोघांचं. अर्धं मी फेडीन."

माझ्या बायकोने हात सोडला. "अगं, सही तुझी नाही. वकीलसुद्धा म्हणाला, तुझा संबंध नाही."

"वहिनी, त्या लग्नात मी शालू नेसून मिरवले. नणंदेची पाठवणी करताना रडले. जेवणावळीत आग्रह करून जिलब्या वाढल्या. तेव्हा संबंध होता ना?"

मामा एवढे बोलके, पण त्यांनी चहा मागितला. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना ती वेडी वाटली. चहा ढवळताना बायको आतून मला म्हणालीसुद्धा, हातात आलेलं कुणी असं सोडतं का?

शेवटी राहिलं एक पिंप. तांदूळ ठेवायचं, कमरेएवढं. दोघांनी पहिल्या दिवाळीला उल्हासनगरला जाऊन घेतलेलं. नाव घालणारा अक्षराप्रमाणे पैसे घ्यायचा, म्हणून त्यावर नुसती दोन नावं होती. आडनाव नाही, सौ. नाही, श्री. नाही, मध्ये 'आणि'सुद्धा नाही. त्याचं, आणि लगेच तिचं. मामांचा नियम इथे अडला. भाचा म्हणाला, तिला राहू दे. ती म्हणाली, दोघांचं आहे, मी एकटी कशी नेऊ? तोही हलवेना, तीही हलवेना. तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी जाहीर केलं, की निर्णय होईपर्यंत पिंप तात्पुरतं माझ्याकडे राहील. त्या घटस्फोटात फायदा झाला तो एवढा एकच, आणि तो आम्हाला झाला. बायकोने त्यात कोलम भरला. नावांची बाजू मात्र तिने भिंतीकडे केली. म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्यांनी कशाला वाचायचं?

तो मोरिवलीला मामांकडे राहायला गेला. भिंतीपलीकडे मशीन चालू राहिलं, पूर्वीपेक्षा जास्त.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी बघितली, कारण त्याच पतपेढीत मीही कर्जदार होतो. पगाराच्या शनिवारी हप्ता भरायला रांग लागायची. तो कारखान्यातून सरळ यायचा आणि रांगेत उभा राहायचा. ती बदलापूरहून यायची, पिशवीत परकरांचा गठ्ठा, पुढे कॅम्पात पोचवायचा असायचा. ती आली की तो मागच्याला सांगायचा, "हा नंबर धरलेला आहे," आणि तिला पुढे घ्यायचा. दोघं एकाच खात्यावर आपापला अर्धा भरायची. रांग हळू सरकायची, तेवढ्यात बोलणं व्हायचं. खोकला गेला का, मामांचे डोळे कसे आहेत, नणंदेला मुलगी झाली. मी मागे उभा राहून ऐकायचो. एकदा तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मी तिचा शेजारी होतो, पण ते हसणं मला भिंतीतून कधी ऐकू आलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "यांना लग्नाऐवजी आधी कर्जच द्यायला हवं होतं."

कर्ज फिटलं त्या शनिवारी मी त्यांना चहाला नेलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. माझ्या वयाच्या माणसांना असं वाटतं. मी मोठ्या खुबीने पिंपाचा विषय काढला. ती बशीत चहा ओतत म्हणाली, "राहू दे दादा. दोघांचं आहे." मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "येते." तो म्हणाला, "सांभाळून." ती गठ्ठा उचलून निघाली. त्यानंतरच्या शनिवारी रांगेत दोघंही नव्हती. मी होतो, माझा हप्ता चालूच होता.

काही वर्षांनी तिने सोनिवलीला नव्या बांधकामात एक खोली घेतली, मशीनच्या जिवावर. जाताना आमची एक वाटी तिच्याकडे राहिली होती, ती पालथी करून, दाखवून, परत करून गेली. त्यात बेसनाचा लाडू होता. पुढे कावीळ अंगावर काढली आणि गेली. नणंद शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. कायद्याने ती तिची कुणी लागत नव्हती. मशीन आता तीच चालवते.

तो आमच्याकडे आला तो पुढच्या महिन्यात. केस पांढरे झाले होते. बसला, पाणी प्यायला. बायकोला वाटलं पिंप न्यायला आला असेल. तिने मुकाट्याने तांदूळ पातेल्यांत उपसले, कमी पडली तेव्हा बादलीतही, आणि पिंप पुसून त्याच्यापुढे आणून ठेवलं.

त्याने ते फिरवून नावांची बाजू पुढे केली. रुमालाने अक्षरांत बसलेली पिठी काढली. बराच वेळ बघत बसला. मग उठून चपला घालायला लागला.

मी म्हणालो, "अरे, आता तुझंच आहे. ने."

"भाऊ, अर्धंच माझं आहे," तो म्हणाला. "तिला न विचारता कसं नेऊ?"

तो गेल्यावर बायकोने तांदूळ पुन्हा भरले. मी हात लावायला गेलो, तर म्हणाली, तुम्ही सांडाल. पिंप ढकलत तिने ते जागेवर नेलं. पण या वेळी नावं भिंतीकडे केली नाहीत.