खिडकी लावणारा माणूस

मानवतला एसटीत शेजारी बसल्या बसल्या त्या माणसाने माझ्यावरून हात नेऊन खिडकी लावली. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात ही दांडगाई. मी उघडली, त्याने पुन्हा लावली. त्याच्या मांडीवर ओल्या दस्तीत गुंडाळलेली कपाशीची फांदी होती. एकेक पान उलटून तो खालून अंगठा घासायचा आणि चिकट झालेला अंगठा सीटच्या दांड्याला पुसायचा. पानाखालच्या बारीक पांढऱ्या माश्या उडून माझ्या शर्टावर बसत होत्या.

"बोंडअळी लागनार न्हाई म्हनून हे बियानं देलं," तो माझ्यावरच खेकसला. "न्हाई लागली, खरं हाय. पन ह्या माश्या रस पिऊन कपाशीची पराटी वाळवायलेत, त्याचं काय? परभनीला दुकानदाराच्या म्होरंच ठिवतो."

"तोवर आमच्या अंगावर कशाला? फेका ती बाहेर," मी वैतागून म्हणालो.

त्याने दस्ती फांदीभोवती घट्ट आवळली.

"बाहेर दोनी अंगाला लोकाची पराटी हाय. म्हनून तर खिडकी लावलीय."

घाम पुसत, चिडूनच बसून राहिलो. थोड्या वेळाने पुढच्या सीटवरच्याने आपली खिडकी उघडली, तेव्हा त्याच्यावर खेकसलो तो मी.