चहाचा पुरावा

आमच्या घरात पस्तीस वर्षं एक खटला चालू होता. फिर्यादी आई, आरोपी अब्बा आणि विषय सकाळचा चहा.

आईचं म्हणणं असं, की अब्बा मस्कतला नोकरीला असताना त्यांनी तिला शब्द दिला होता. एकदा कायमचा घरी आलो की सकाळचा चहा मी करीन, असा. हा शब्द पत्रात नव्हता, कॅसेटवर होता. अब्बांचं म्हणणं, असलं काही आपण बोललोच नाही. मिरकरवाड्यातल्या घराच्या ओट्यावर बसून हा वाद दोघं रोज घालत, आणि घालताना आईने केलेला चहा पीत.

"मी असं कदी बोललोच नाय," अब्बा बशीत चहा ओतत म्हणायचे. "मना चा करता तरी येतो काय?"

"मस्कतात एका खोलीत आठ जणांचा चा केलाव. माज्या एकटीचा नाय जमत?"

"तिकडं पाळी होती. ज्याची पाळी त्याचा चा."

"पुरावा हाय माज्यापाशी. पेटीत."

इथे खटला दुसऱ्या दिवसावर जायचा. पुरावा म्हणजे ती कॅसेट. आईच्या खाटेखालच्या लोखंडी पेटीत, अब्बांच्याच एका जुन्या रुमालात बांधून ठेवलेली. आईने ती परत कधी वाजवली नाही. वाजवून झिजवायची नाही, असं तिचं म्हणणं. जमिनीचे कागद आपण कुठे रोज वाचत बसतो? पेटीत आहेत एवढं पुरतं. अब्बांनीही कधी 'काढ बघू' म्हणून आव्हान दिलं नाही, आणि त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

पण त्या पेटीत पुरावा नाही, हे घरात फक्त मला माहीत होतं. तो मी नऊ वर्षांची असतानाच पुसून टाकला होता.

झालं ते असं. आमच्याकडे तेव्हा घरोघरी कुणी ना कुणी आखातात होतं, आणि पत्रांपेक्षा कॅसेटचा रिवाज जास्त. सुटीवर येणारा कुणीही साबणाच्या वड्या, कापड आणि चार घरांच्या चार कॅसेट घेऊन यायचा. परत जाताना त्याच कॅसेटवर इकडचे आवाज भरून, सुक्या जवळ्याच्या पुडीसोबत न्यायचा. अब्बांची कॅसेट आली की ओटा भरायचा. अब्बा एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बोलणंही मेकॅनिकचं, एकेक स्क्रू पिळत. आधी सगळ्यांना सलाम. मग माडाला मीठ घातलं का, पत्र्यावरचं गळकं भोक बुजवलं का, भावाचा दात पडला का. सगळं विचारून झालं की ठरलेलं वाक्य यायचं: "आता पोरांनो, बाहेर जावा."

आई लगेच टेप बंद करायची, आणि मस्कतहून आलेला हुकूम म्हणून आम्ही मुकाट्याने बाहेर जायचो. पुढचं आई एकटी ऐकायची.

मला त्या काळात रेडिओवर बातम्या द्यायचं वेड होतं. एका दुपारी आई माहेरी पूर्णगडला गेली होती. बाकीच्या कॅसेट कुणाबरोबर तरी परत गेल्या होत्या. घरात आईने ठेवून घेतलेली ही एकच, तेव्हा कपाटात साड्यांखाली. तिच्या मागच्या कडेचा इवलासा प्लास्टिकचा दात आईने कातरीच्या टोकाने मोडला होता. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की बटण जातं, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शिवाय माझा हिशोब अगदी सरळ होता. 'पोरांनो, बाहेर जावा' इथे आमच्यापुरती कॅसेट संपायची. म्हणजे त्याच्यापुढची पट्टी रिकामीच. ती मी थोडी पुढे सरकवली, चिकटपट्टी लावली, बातम्या दिल्या, बाजू संपेपर्यंत टेप तसाच चालू ठेवला, चिकटपट्टी काढली आणि कॅसेट साड्यांखाली ठेवून दिली.

पुढे मी पंधरा वर्षांची असताना अब्बा कायमचे घरी आले. दुसऱ्याच सकाळी आई त्यांना म्हणाली, "पोरांना बाहेर धाडून काय बोललाव होताव, आठवतंय?" चहाचा कप माझ्या हातात होता. तो तसाच राहिला. आपण काय पुसलं ते मला त्या क्षणी कळलं. सांगायला हवं होतं. पण आई तेव्हा इतक्या तोऱ्यात होती, की माझी जीभ उचलेना. आज सांगू, ईद झाल्यावर सांगू, असं करता करता माझं लग्न झालं, मी शाळेत शिक्षिका झाले, दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवू लागले, आणि ते राहूनच गेलं.

गेल्या मे महिन्यात शाळेच्या सुटीत मी माहेरी होते, आणि धाकटा भाऊ मुंबईहून आला. त्याच्या घरात दिवे बोलल्यावर लागतात. नेट गेलं की सगळे अंधारात बसतात, ते सोडा. आईचे गुडघे आता कामातून गेलेत. त्या सकाळी भिंत धरत धरत ती चहा घेऊन ओट्यावर आली, आणि रोजचा खटला सुरू झाला. अब्बा रोजचंच म्हणाले. पण आई रोजचं म्हणाली नाही. ट्रे खाली ठेवून ती एवढंच बोलली, "चा राहू दे. आता उभ्या जन्मात मी तो मागत नाय. पण मी खोटी नाय, एवढं मना मरायच्या आधी कळू दे."

मी ट्रेमधले कप उगाच सरळ करत बसले. भावाने मात्र बाह्या सरसावल्या. "आई, चिंता करू नको. कॅसेट मोबाईलवर घेऊ. मग रोज वाजव, झिजायचा प्रश्नच नाही."

त्याने कॅसेट मोबाईलवर उतरवणारं एक यंत्र मागवलं. ते येईपर्यंत कुरिअरवाला दोन दिवस हातखंब्याच्या नाक्यावरच होता, निदान फोनवर तरी. आलं ते साबणदाणीएवढं, हलकं, दिसायला गोंडस. आईने पेटी उघडली, रुमाल सोडला आणि कॅसेट भावाच्या हातात दिली. मी मनातल्या मनात दुआ मागत होते. माझ्या दुआ सहसा कबूल होत नाहीत, त्या दिवशी झाल्या.

आधी त्या यंत्राला अॅप हवं होतं. अॅपला नवा फोन हवा होता. भावाचा फोन चालला, तर त्याला आधी ईमेल, मग पासवर्ड, मग आमचं लोकेशन पाहिजे. कॅसेटमधल्या अब्बांना ऐकायला आम्ही कुठे राहतो हे कशाला कळायला हवं, हे अब्बांनाही समजेना. शेवटी लाल ठिपका लुकलुकला. वीस मिनिटं आम्ही श्वास रोखून बसलो. मग भावाने मोबाईलवर फाईल लावली आणि त्यातून आवाज आला: "होतंय काय?" त्यामागोमाग, "तुमी हात लावू नका." आणि मागे आमच्या फ्रिजची घरघर. यंत्राने कॅसेट सोडून ओट्यावरच्या आम्हालाच रेकॉर्ड केलं होतं.

मी पोट धरून हसले. मला तेवढं हसायला का आलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र माझं हसू गेलं. यंत्राने कुरकुर केली, अडलं, आणि भावाने झाकण उघडलं तर आतून तपकिरी पट्टीचा गुंता बाहेर आला. आईने तोंडावर पदर घेतला. पट्टी तुटली असती तर मी कायमची सुटले असते, पण आईचा तो चेहरा बघून मला सुटायचं नव्हतं. हे मी आज प्रामाणिकपणे लिहिते.

"सरक," अब्बा भावाला म्हणाले. चष्मा लावून ते खाली बसले आणि अर्धा तास नखाने एकेक वेढा सोडवत राहिले. मग माझ्याकडे हात पुढे केला. "पेन्सिल दे." माझ्या पर्समध्ये पेपर तपासायची लाल पेन्सिल होती. ती कॅसेटच्या चाकात घालून त्यांनी सगळी पट्टी आत गुंडाळली. आरोपीच पुरावा दुरुस्त करत होता, आणि त्याला हत्यार पुरवत होते मी!

"माळ्यावरचा टेप काढ," ते भावाला म्हणाले.

हा टेप त्यांनी पहिल्या सुटीला मस्कतहून आणला होता. काळा, रुंद, एका हाताने उचलायचा नाही असा. जुन्या वस्तू मजबूत असतात असं लोक म्हणतात. असतीलही. पण आमचा टेप टिकला, कारण अब्बांनी तो टिकवला. दर ईदच्या आधी तो माळ्यावरून उतरायचा, उघडला जायचा, पुसला जायचा आणि पुन्हा वर जायचा. आताही माजघरात बसून त्यांनी स्क्रू काढले, ते ओळीने बशीत ठेवले. कापसावर परदेशी सेंट घेऊन आतलं हेड पुसलं. रबरी पट्टा सैल झाला होता. बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी दुसरा काढला, पावडर लावून जपलेला. बंद पडलेलं यंत्र अब्बांना बघवत नाही, मग ते त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालेलं का असेना.

आणि तो टेप चालला. कुणाचा ईमेल न मागता पहिल्या फटक्यात चालला. मी इतकी वर्षं वर्गात सांगत आले की जुन्याची खात्री असते. त्या दुपारी पहिल्यांदाच वाटलं, नसती तर बरं झालं असतं.

थोडी खरखर झाली आणि चाळीस वर्षांचे अब्बा बोलू लागले. सलाम झाले, माडाचं मीठ झालं, भावाचा दात झाला. ऐंशी वर्षांचे अब्बा मान खाली घालून ऐकत होते. आणि मग आलंच ते वाक्य, "आता पोरांनो, बाहेर जावा."

पन्नाशीतली मी सवयीने अर्धी उठले. भाऊही उठला. आई म्हणाली, "बसा रे."

टेपवर जरा शांतता. मग अब्बांचा आवाज, हळू: "हायस ना? ऐक. एकदा कायमचा आलो, की मग—"

खट्.

"नमस्कार. ठळक बातम्या. आमच्या काळ्या कोंबडीने आजही अंडं दिलेलं नाही. बाजारात बांगडा पुष्कळ आला आहे. आमच्या भावाने दोन दिवस आंघोळ केलेली नाही, असं समजतं. बातम्या संपल्या."

भाऊ हसायला लागला आणि आईकडे बघून थांबला. टेप नुसता खरखरत होता. आईने माझ्याकडे पाहिलं.

"मीच, आई," मी म्हटलं. "मला वाटलं, तिथून पुढे रिकामी आहे." आणि मला रडू फुटलं. पन्नासाव्या वर्षी, नऊ वर्षांच्या पोरीसारखं.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. "रिकाम्या डबीला कुलूप लावत होते मी," ती म्हणाली. मग टेपकडे बोट दाखवून अगदी हळू, जणू स्वतःलाच सांगत: "हितं होतं. 'सकाळचा चा मी करीन.' असंच होतं."

"असं नव्हतं," अब्बा म्हणाले.

"अब्बा, आता तरी पुरे!" भाऊ ओरडला.

पण अब्बा त्याच्याकडे बघतही नव्हते. ते टेपकडे बघत होते, आणि मोजमाप चुकलेलं सहन न होणाऱ्या माणसाच्या स्वरात बोलत होते. "नुसता 'चा करीन' नव्हतं. 'तू उठायचंसुद्दा नाय. तू निजून राहा. आलं ठेचून, दोन चमचे साखर घालून चा मी तुज्या उशाशी आणीन. एवढी वरसं एकटी उठलीस, आता पुरे.' असं होतं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला.

आईने टेप मागे घेतला. बटण दाबलं, ऐकलं, पुन्हा थोडा मागे घेतला. चाळीस वर्षांचे अब्बा म्हणाले, "एकदा कायमचा आलो, की मग—" आणि माझं 'नमस्कार' यायच्या आत आईने टेप थांबवला.

"हां," ती अब्बांकडे बघून म्हणाली. "बोला आता."

अब्बांनी आमच्याकडे पाहिलं. "पोरांनो," ते म्हणाले, "बाहेर जावा."

आम्ही दोघं बाहेर जाऊन पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज येऊ लागला. दुपारचे चार वाजले होते. सकाळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण अब्बांनी आधण ठेवलं होतं.