गाव कोणतं, डॉक्टर?

कापसाची गाडी गेली की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. दवाखान्याच्या दारात बसणाऱ्याचं तसंच होतं. मी चाकूरचा. इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात नंबर पुकारतो. मी कमी बोलतो आणि हळू बोलतो, त्यामुळे लोकांना वाटतं, याला ऐकूही कमी येतं. मग माझ्यासमोर सगळे मोकळे बोलतात आणि किस्से अडकत राहतात!

खोल्या तीन, डॉक्टर तीन. किल्लारीचे बालाजी, लातूरच्या मेघनाताई, आणि किनवटच्या जंगलातल्या एका गावाहून आलेल्या सुनंदाताई. तिघंही एमबीबीएस करून वर फॅमिली मेडिसिन शिकलेले. पण आमच्याकडे डिग्री विचारतो कोण? हात पुढे करायच्या आधी पेशंटच विचारतो, "डॉक्टर, गाव कोणतं? कुणाच्यापैकी?" जवाब पसंत पडला, तर जीभ दाखवतो!

*

एका शेतकऱ्यानं बालाजी डॉक्टरांना विचारलं, "तुमी हाडाचे का पोटाचे?"

"मी सगळ्या घराचा डॉक्टर, मामा. घेऊन या सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी मामा टेम्पो करून आले. म्हातारी, बायको, दोन सुना, आणि मागं दोरीनं बांधलेला लंगडा बैल!

"ह्यो बी घरातलाच हाय."

सगळा व्हरांडा हसला. डॉक्टर हसले नाहीत. बाहेर गेले, खूर उचलला आणि रुतलेला खिळा काढला. आमचा क्लार्क भडकला, "हा काय जनावरांचा दवाखाना हाय का?"

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "मी त्याचं गाव विचारलं नाही. त्यानंही माझं विचारलं नाही. एवढा शहाणा पेशंट या महिन्यात दुसरा आला नाही!"

*

हे बालाजी भूकंपानंतर जन्मले, पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांनी भूकंप पाहिला नाही. पण आईनं एक गोष्ट अंगात भिनवली होती. जमीन हलली की विचार करायचा नाही, आधी अंगणात पळायचं.

एकदा उसानं भरलेला ट्रक दवाखान्याजवळून गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या. डॉक्टर गळ्यातल्या स्टेथोस्कोपसकट धावत अंगणात! बघतात तर आतली म्हातारी पेशंट त्यांच्या आधीच लिंबाखाली उभी, पदर सावरत.

म्हातारीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आता गाव विचारत न्हाई. चल बाबा आत, तपास."

*

मेघनाताईंचे वडील लातूरला प्रोफेसर. पोरीनं मोठ्या शहरात हृदयाची स्पेशालिस्ट व्हावं, अशी त्यांची इच्छा. एक दिवस ते तिला घेऊन जायलाच आले. सरळ खोलीत शिरू लागले.

ताई आतून म्हणाल्या, "बाबा, नंबरानं या."

प्रोफेसर साहेब बाकावर बसले, एका बाजूला खोकणारा, दुसऱ्या बाजूला खरूजवाला. बऱ्याच वेळानं मी त्यांचा नंबर पुकारला.

"काय त्रास होतो?" ताईंनी विचारलं.

"मुलगी ऐकत नाही."

ताईंनी त्यांचं बीपी बघितलं. "हा आजार जुना दिसतो. औषध नाही. पुढचा नंबर, तात्या!"

*

राहिल्या सुनंदाताई. जंगलातलं गाव, आश्रमशाळा, वसतिगृह, असं करत करत डॉक्टर झालेल्या. रोज सगळ्यांच्या आधी येतात, बीपीचं मशीन पुसून ठेवतात. पण त्यांच्या दारापुढचा बाक रिकामा. लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात, मग त्यांना एकदम दुसरं काम आठवतं.

ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब एक दिवस म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर दोनच डॉक्टर ठेवावे लागतील. तुमच्या दाराला गर्दीच न्हाई. किनवट कशाला सांगता? नांदेड सांगा. जिल्हा तोच हाय की!"

ताई उठून उभ्या राहिल्या. आवाज मात्र चढवला नाही.

"साहेब, नांदेडला मी फक्त बस बदलायला उतरते. गाव नाही बदलत."

आप्पासाहेब निघून गेले. ताईंनी पुन्हा मशीन पुसलं. ते आधीच लख्ख होतं. शेजारच्या दोन्ही खोल्यांची दारं उघडी होती.

*

पुढच्याच आठवड्यात आप्पासाहेबांची आई आली. तिला सगळं चाकूर अक्का म्हणतं. छातीत धडधडत होतं. मुलगा गाडीत फोनवर बोलत बसला, अक्का काठी टेकत आत आली.

आधी मेघनाताईंकडे गेली. "गाव कोणतं गं?"

"किनवट, अक्का."

अक्का उठली. शेजारच्या खोलीत बालाजी डॉक्टर. "तुझं रं?"

"किनवट."

अक्कानं त्यांना खालून वर न्याहाळलं आणि बाहेर आली. तिसऱ्या दारात सुनंदाताई उभ्या होत्या. अक्का काही विचारणार, त्याआधीच त्या म्हणाल्या, "मीपण किनवट. बसा, दम लागलाय तुम्हाला."

अक्का बसली नाही. माझ्याकडं वळली. "तात्या, काय चालवलंय रे इथं? तू तरी कुठला?"

मी नेहमीसारखा हळूच बोललो. "किनवटचा."

"मुडद्या! तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी मी ओढली, याच चाकुरात!"

"तेव्हा होतो, अक्का, चाकूरचा."

अक्कानं तिन्ही दारांकडं एकदा पाहून घेतलं. मग काठी भिंतीला टेकवली, सुनंदाताईंच्या समोर बसली आणि बाही वर सरकवली.

तपासणी सावकाश झाली. ताईंनी गोळ्या समजावून सांगितल्या, मीठ कमी करायला लावलं, त्यावर अक्का भांडलीसुद्धा. मी तिला हात धरून गाडीपर्यंत नेलं.

आप्पासाहेबांनी फोन खाली ठेवला. "आई, कुणाला दाखवलंस?"

"किनवटच्या डॉक्टरला."

त्यांचा चेहरा उतरला. "अगं, पण तिलाच का?"

अक्का गाडीत नीट बसली, पाय आत घेतले आणि म्हणाली, "इथं दुसरे हायेत कुठं?"